शब्ती, उशब्ती आणि हाकेला ओ

प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सापडणाऱ्या वीतभर दगडी मूर्तींना ‘शब्ती’ म्हणावे की ‘उशब्ती’, आणि ‘ममीच्या बाहुल्या’ हा शब्द चालेल का, असा प्रश्न आला आहे. बाहुल्या मुळीच चालणार नाहीत. ही खेळणी नव्हेत. सरसकट ‘गुलामांच्या मूर्ती’ म्हणणेही उथळच. परलोकात मृतांचा देव ओसिरिस याच्या शेतावर राबण्याची वेठ मृताच्या वाट्याला येई आणि त्याच्या जागी ही मूर्ती उभी राही. मराठीत अशा माणसाला ‘बदली’ म्हणतात. म्हणून तर ती स्वतः मृताच्याच रूपात, ममीसारखी गुंडाळलेली असते. छातीवर दुमडलेल्या हातांत कुदळी, पाठीवर बियाण्याची पिशवी आणि पायांभोवती कोरलेल्या मंत्राच्या ओळी. पुढे वर्षाच्या दिवसांइतक्या 365 मूर्ती आणि दर दहांवर एक असे 36 मुकादम ठेवण्याची पद्धत आली, तेव्हा मात्र त्यांना नोकरांची कळा आली, एवढे मान्य करावे लागते.

आता खरी गंमत. ‘मृतांचे पुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाच्या सहाव्या अध्यायात या मूर्तीला बजावलेले आहे, की शेत पिकवायला, काठाची जमीन भिजवायला किंवा पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायला मृताला बोलावणे आले, तर तू म्हण, “मी हा इथे आहे.” इजिप्शियन भाषेत ‘उत्तर देणे’ या अर्थाचा धातू व-श-ब असा आहे, आणि एकविसाव्या राजवंशापासून (इ.स.पू. सुमारे 1070) रूढ झालेले ‘उशब्ती’ हे नाव त्याच्याशी जुळते: हाकेला ओ देणारा! ‘शवाब’ नावाच्या झाडाच्या लाकडावरून ‘शब्ती’ हे मूळ नाव पडले, असे काही विद्वान ठामपणे सांगतात. पण आरंभीच्या मूर्ती मेणाच्या आणि मातीच्याही आहेत, शिवाय ‘शवाब’शी जुळणारे ‘शवब्ती’ हे रूप ‘शब्ती’च्या नंतरचे आहे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. माझे मत असे, की मूळ नाव काहीही असो, पिढ्यान्‌पिढ्या मंत्र म्हणणाऱ्यांनीच ते त्यातल्या उत्तराकडे ओढून नेले. आपल्याकडे काही जण ‘शब्ती’चे नाते थेट संस्कृत ‘शब्द’शी लावतात, तो तर निव्वळ ध्वनिसाम्याचा खेळ आहे. इजिप्शियन लिपीत स्वर लिहीतच नसत. आज उच्चारले जाणारे स्वर अभ्यासकांनी सोयीसाठी भरलेले आहेत, त्यांच्या आधारावर कसली व्युत्पत्ती उभी राहणार?

सुदानमधील नुरी येथे पंचविसाव्या राजवंशातल्या तहार्क राजाच्या पिरॅमिडमध्ये अशा हजाराहून अधिक दगडी मूर्ती मिळाल्या. त्या उत्तरकाळातल्या असल्या तरी जुन्या धाटणीच्या आहेत, म्हणून त्यांना, आणि एकविसाव्या राजवंशापूर्वीच्या मूर्तींनाही, ‘शब्ती’ म्हणावे. ‘उशब्ती’ हे नाव उत्तरकाळातल्या इतर मूर्तींसाठी राखावे.