मे महिन्यात तोरणमाळला दोन रात्री तंबूत राहायचंय, चार जण आहोत. पॉवर बँक केवढी घ्यावी? ५०००० एमएएचची सोलरवाली कशी राहील?

सोलरवाली घेऊ नका. ५०००० लिहिलेली तर फुकट दिली तरी घेऊ नका. चार माणसांना दोन रात्रींसाठी चांगल्या कंपनीच्या १०००० एमएएचच्या दोन घ्या आणि दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. तुमचं उत्तर एवढंच आहे, पण तोरणमाळ, मे महिना आणि सोलर हे तिन्ही शब्द एकाच प्रश्नात वाचल्यावर मला पुढचं लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

शहाद्यात माझं इन्व्हर्टर आणि बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. सेल, चार्जर, वॉट, अँपिअर यांत माझा सगळा दिवस जातो. चार वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली होती, सोबत दाजी आणि आठ वर्षांचा भाचा. सण झाल्यावर दाजींनी टूम काढली की तोरणमाळला तंबू ठोकून राहायचं. मलाही आवडलं. मी, बायको, माझी मुलगी आणि ते तिघे असे सहा जण ठरलो. भाड्याची जीप आम्हाला वर सोडून खाली म्हसावदला जाणार आणि तिसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार.

आदल्या रात्री आई दशम्या बांधत होती आणि मी सामान भरत होतो. माझी नेहमीची १०००० ची पॉवर बँक बॅगेत टाकली, तर दाजींनी ती काढून बाजूला ठेवली. म्हणाले, "हे खेळणं कशाला घेतो? माझी पन्नास हजारची आहे, सोलर आहे, अख्खं तोरणमाळ चार्ज होईल." त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि हातात घेताक्षणी मला कळलं. हलकी होती. मी म्हणालो, "दाजी, हिच्या आत काही नाही." तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "जवाईले उलटं बोलानं नही!" मी गप्प बसलो आणि माझी बँक टीव्हीच्या फळीवर ठेवून दिली. ते गप्प बसणं मला आजही सलतं.

वर पोचलो. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे रात्री हवा छान असते, पण दुपारचं ऊन खालच्यासारखंच अंगावर येतं. यशवंत तलावापासून थोडं लांब, एकाच्या शेतात त्याला विचारून तंबू लावले. पहिल्या दिवशी सीताखाई पाहिली, फोटो काढले, पोरं फोनवर गेम खेळली. आमच्या जागेवर टॉवर धड मिळत नव्हता. फोन टॉवर शोधत राहिला की नुसत्या खिशात पडल्या पडल्या बॅटरी खातो, हे लक्षात ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. जीपीएस त्यातही चालतं, नकाशा आधी उतरवून घेतलेला असला म्हणजे झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फोन वीस-पंचवीस टक्क्यांवर आले.

रात्री दाजींचा फोन लावला, तो कसाबसा निम्म्यावर गेला. मग ताईचा लावला, तो थोडा वर सरकला आणि बँकेचे चार दिवे एकावर आले. सकाळी दाजींनी ती काळ्या खडकावर उन्हात ठेवली, "आता बघ कशी भरते" म्हणून. साडेबाराला मी हात लावला तर चटका बसला. तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता आणि एका बाजूचा जोड किंचित उघडला होता. मी ती उचलून आंब्याच्या सावलीत नेऊन ठेवली. माझ्या जागी कुठलाही बॅटरीवाला असता तर त्याने हेच केलं असतं.

त्या रात्री भाच्याला उलट्या सुरू झाल्या. अंग भट्टीसारखं तापलेलं, तोंड कोरडं, डोळे अर्धे मिटलेले. माझा फोन जेवायच्या आधीच बंद पडला होता, ताईचा तेव्हा पडला. दाजींचा दोन टक्क्यांवर होता, पण रेंज नाही, आणि रेंज शोधता शोधता तोही गेला. पॉवर बँकेचा एक दिवा जळत होता. फोन लावला की क्षणभर चार्जिंगची खूण यायची आणि परत अंधार.

वडिलांची जुनी, दोन सेलवाली टॉर्च माझ्याकडे होती. ती घेऊन मी वस्तीकडे चालत निघालो, अर्धा तास लागला असेल. एका चहाच्या टपरीपुढे खाटेवर एक बाबा झोपले होते. त्यांना उठवलं. त्यांच्याकडे बटणाचा फोन होता, रेंजही होती, पण ड्रायव्हरचा नंबर माझ्या बंद फोनमध्ये! पाठ कोणाला असतो आता नंबर? बाबांनी घरात नेलं, त्यांच्या मुलाचा चार्जर माझ्या फोनला बसला. फोन चालू होईपर्यंतची ती दहा-बारा मिनिटं मी भिंतीला टेकून उभा होतो, बाबा तांब्याभर पाणी घेऊन शेजारी. नंबर दिसला तसा बिस्किटाच्या पुड्यावर लिहून घेतला आणि त्यांच्या फोनवरून लावला. गाडी पावणेदोनला आली. सातपायरीचा घाट उतरताना भाच्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पहाटे शहाद्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं. ऊन लागलं होतं आणि अंगातलं पाणी गेलं होतं. दुपारी पोरगं उठून बसलं आणि उसाचा रस मागायला लागलं, तेव्हा ताई रडली.

आणि दवाखान्याच्या बाकावर दाजी मला म्हणाले, "तू ती उन्हातून उचलली नसती तर भरली असती."

त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक आखाजीला ते हेच सांगतात. मी ऐकून घेतो. आज तुम्ही विचारलंय म्हणून हिशोबच मांडतो.

ती बँक दाजी आमच्याकडेच टाकून गेले होते. मी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं, २९० ग्रॅम. आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ धरतात. एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणलं की वॉट-अवर, म्हणजे आत साठलेली एकूण वीज मिळते. म्हणजे ५०००० एमएएच खरे असतील तर १८५ वॉट-अवर झाले. ३००० एमएएचचा एक गोल सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. पन्नास हजारांना असे सतरा सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेसातशे ग्रॅमच्या वर जातं. २९० ग्रॅमच्या डबीत ते कुठून येणार? मी ती उघडली. आत एक चपटा सेल होता आणि त्याच्याशेजारी गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी, वजन वाटावं म्हणून. यूएसबी मीटर लावून मोजलं तर जेमतेम तीन हजार एमएएच बाहेर आले. माझी टीव्हीवरची बँक याच्या दुप्पट देते.

आता पॅनल. भर दुपारी, दुकानाच्या गच्चीवर, मे महिन्याच्याच उन्हात मीटर लावला. ५ व्होल्टला १८० मिलिअँपिअर, म्हणजे ०.९ वॉट. ती बँक खरोखर पन्नास हजारची असती तरी १८५ भागिले ०.९, दोनशेच्या वर तास. दिवसाला कडक उन्हाचे सहा तास धरले तर चौतीस दिवस. त्या सकाळी दहापासून साडेबारापर्यंत जेवढं ऊन तिने खाल्लं त्यात दोन-सव्वादोन वॉट-अवर आले असतील, तेही सगळं सेलमध्ये गेलं असं धरून. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी १९ वॉट-अवरची असते. संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवली असती तरी एक फोन चतुर्थांश भरला असता, आणि तोवर सेल फुगून फुटला नसता तर.

कारण लिथियमचे साधे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, बनवणारेच तसं लिहून देतात. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, काळ्या खडकावर किती होत असेल ते तुम्हीच बघा. सोलर बँकेची गंमत अशी की पॅनलला ऊन पाहिजे आणि त्याच्याच पोटाशी असलेल्या सेलला सावली पाहिजे. दोन्ही एकाच डबीत घातल्यावर ती खानदेशात चालणारच नाही.

तुम्ही दुकानात गेलात की पुढच्या बाजूचा मोठा आकडा वाचू नका. उलटी करा आणि बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' शोधा. १०००० च्या प्रामाणिक बँकेवर तिथे साधारण सहा हजार लिहिलेलं असतं. ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना आणि उष्णतेत तेवढं जातं, त्यात फसवणूक नाही. हा आकडाच छापलेला नसेल तर ठेवून द्या. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षरापुढे आठ आकड्यांचा नंबर पाहिजे. तो नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तिथेच टाकून बघा, दुकानदाराला राग आला तरी. मग हातात तोलून बघा. १०००० ची दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते.

एका १०००० वर एक मोठा फोन दीड वेळा भरतो, दोन बँकांवर मिळून तीन वेळा. चौघांत फोटोंसाठी एकच फोन वापरा, बाकीचे बंद ठेवा, दोन रात्री आरामात निघतात. २०००० ची एकच घेतली तरी हिशोब तोच, पण ती पाण्यात पडली किंवा तिची केबल तुटली की सगळंच गेलं. केबल दोन न्या. उजेडासाठी फोन जाळू नका, वेगळी टॉर्च पाहिजेच. आणि गाडीवाल्याचा, घरचा, डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

काही गोष्टी राहिल्या. तुमची स्वतःची गाडी वर तुमच्याजवळच उभी राहणार असेल तर गाडीतल्या चार्जरवर भागेल, एक १०००० ची पुरे. कॅमेरा किंवा लॅपटॉप नेणार असाल तर २०००० ची पीडीवाली, म्हणजे लॅपटॉपही चार्ज करू शकेल एवढ्या जास्त वॉटची बघा. विमानाने कुठे न्यायची असेल तर १०० वॉट-अवरपर्यंतची, तीही हातातल्या बॅगेतच. आणि घडीचं, पुस्तकासारखं उघडणारं वीस-पंचवीस वॉटचं वेगळं सोलर पॅनल मिळतं, ते खरंच काम करतं. पॅनल उन्हात पसरून बँक लांब वायरने सावलीत ठेवता येते. आठवडाभर डोंगरात राहणाऱ्याने ते घ्यावं. त्याला मी नाही म्हणत नाही.

दाजींच्या बँकेचं पॅनल, तो चपटा सेल आणि लोखंडी पट्टी मी दुकानात डब्यात जपून ठेवली आहे. ताई यंदा आखाजीला येणार आहे. आईला आधीच सांगून ठेवलंय की या वेळी मी जावयांना गच्चीवर नेऊन मीटर दाखवणार आहे.