फॉन्ट एकदाच बदला

प्रश्न : लिबरऑफिस कॅल्कमध्ये माझ्या फाइलला बारा शीट आहेत. मराठी मजकुराचा फॉन्ट बदलायचा तर प्रत्येक शीट निवडून बदलावा लागतो, आणि तरी कधी फक्त इंग्रजी अक्षरंच बदलतात. सोपा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो प्रत्येकाने पहिल्याच दिवशी शिकावा असं मला मनापासून वाटतं. एफ११ दाबा, स्टाइल्सची, म्हणजे फॉन्ट, आकार, रंग यांच्या नाव देऊन ठेवलेल्या संचांची यादी उघडेल. त्यातल्या 'डिफॉल्ट' स्टाइलवर राइट क्लिक करून ती संपादित करा. बाकीच्या सेल स्टाइल्स तिच्यापासूनच निघालेल्या असतात. त्यांना वेगळा फॉन्ट दिलेला नसेल, तर इथला बदल बाराही शीटमध्ये आपोआप पोहोचतो.

आता तुमची खरी अडचण. कॅल्क एकाच सेलसाठी तीन फॉन्ट लक्षात ठेवतं : पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. नावावर जाऊ नका, देवनागरी 'आशियाई'मध्ये येत नाही, ती तिसऱ्या गटात मोडते. स्टाइल संपादित करतानाच त्या गटात फॉन्ट आणि आकार दोन्ही ठरवा. तो विभाग दिसतच नसेल, तर टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंगमध्ये तो सुरू करा.

एवढं करूनही काही सेल हलणार नाहीत. तिथे तुम्ही पूर्वी हाताने फॉन्ट दिलेला आहे आणि तो स्टाइलवर मात करतो. ते सेल निवडून कंट्रोल+एम दाबा, म्हणजे हाताने दिलेला फॉन्ट निघून स्टाइलचा लागेल. मात्र त्याने हाताने दिलेला ठळकपणा आणि रंगही जातील, म्हणून आधी फाइलची प्रत ठेवा. शीर्षकांसाठी, बेरजेच्या ओळींसाठी स्वतंत्र स्टाइल्स करा.