ऑनलाइन ऑर्डर वेळेत पाठवायच्या असतील तर

आपण सोलापुरी चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकायला सुरुवात करीत आहात, म्हणून अनुभवाने कळलेले कळकळीने सांगतो. ऑर्डर वाहतुकीत अडकते त्याहून अधिक वेळा आपल्याच गोदामात अडकते. दुकानातला आणि ऑनलाइनचा साठा एकाच नोंदीत ठेवा. समोरच्या गिऱ्हाइकाला विकलेली चादर संकेतस्थळावर शिल्लक दिसत राहिली, की ऑर्डर रद्द करण्याची वेळ येतेच. माझ्या पहिल्या दिवाळीत असे वारंवार झाले आणि त्याची रुखरुख आजही आहे. प्रत्येक नक्षी, रंग आणि मापाला स्वतंत्र क्रमांक द्या, कारण घडी घातलेल्या मयूरपंखी चादरी पटकन ओळखता येत नाहीत.

टॉवेल वजनाला हलके, पण आकाराने फुगीर असतात. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावरच भाडे लावतात. म्हणजे ४० × ३० × २० चे खोके ३ किलोचे असले तरी ४.८ किलोचे धरले जाते. म्हणून घडी घट्ट घाला आणि खोके मापाचेच वापरा. परत आलेला माल तपासून त्याच दिवशी साठ्यात चढवा. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत माणसे सुटीवर जातात, तेव्हा पॅकिंगचे साहित्य आणि जादा खपाचा माल आधीच तयार ठेवा.