वहीतले सव्वीस हप्ते

प्रश्न : वकीलसाहेब, तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. 2021 मध्ये अवकाळीनं घड कुजले, औषधाच्या दुकानाची उधारी अंगावर आली, म्हणून मालकांनी गावातल्या एकाकडून महिना पाच टक्क्यानं दोन लाख काढले. त्यानं पहिले दहा हजार कापून एक लाख नव्वद हजारच हातात दिले. दोन कोरे चेक घेतले. वीस गुंठ्यांचं खरेदीखतही करून घेतलं, ‘फिटले की फिरवून देतो’ म्हणाला. पुढं सव्वीस महिने दहा-दहा हजार दिले, ते मी तारखेनिशी वहीत मांडलेत. मग बाग गेली, हप्ते थकले. आता तो म्हणतो, ते सगळं व्याजात गेलं, मुद्दल तसंच आहे, नाहीतर रानात पाय ठेवू नका. एवढं व्याज कोर्टात चालतं का? मालकांना न सांगता लिहितेय.
— एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : नाही चालत, ताई. तुमचं पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पाच टक्के ऐकायला बारीक वाटतात, पण वर्षाला ते साठ होतात. हातात आले एक लाख नव्वद हजार, म्हणजे खरा दर त्रेसष्ट टक्क्यांवर गेला. आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सरकारनं परवानाधारक सावकारांना दर बांधून दिले. शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला 9 टक्के, विनातारण 12. बिगरशेतकऱ्याला 15 आणि 18. तुम्हाला जास्तीचा, म्हणजे 12 चा दर लावला तरी पहिल्या महिन्याचं व्याज होतं 1,900 रुपये. उरलेले 8,100 मुद्दलात जायला हवे होते. असं मांडत गेलं, तर बाविसाव्या महिन्यात तुमचं कर्ज संपतं. त्यानंतरचे चार हप्ते उलट तुमचेच त्याच्याकडे निघतात.

हे झालं परवाना असलेल्याचं. तुमच्या माणसाकडे परवाना असेल असं पत्रावरून वाटत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना नसेल तर कोर्ट त्याला वसुलीचा हुकूमनामा देत नाही. मात्र एक खाचखळगा आहे. नात्यात, ओळखीत कुणी एकदा हातउसने दिले, तर ती सावकारी ठरत नाही. त्याचा वकील हेच म्हणणार. म्हणून गावात आणखी कुणाकुणाला त्यानं टक्क्यानं पैसे दिलेत, त्यातला एखादा तरी बोलायला तयार आहे का, हे बघा. माझ्या अनुभवात केस कायद्यावाचून अडत नाही, या एका साक्षीदारावाचून अडते.

दामदुपटीचं तुम्ही ऐकलं असेल. त्याबद्दल लोकांचा घोळ असतो. जुन्या हिंदू कायद्यातली दामदुपट एवढंच म्हणते, की एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आधी हप्त्यानं दिलेलं व्याज त्यात मोजत नाहीत. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गहाणाच्या व्यवहारालाही हा नियम लागू धरला. 2014 चा कायदा त्याच्या पुढं जातो : सावकाराला व्याजापोटी एकूणच मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. तुम्ही दिलेत दोन लाख साठ हजार. ते सगळं व्याजच होतं असं तो म्हणत असेल, तर तो स्वतःच्याच तोंडानं अडकतो.

कागद खोडून आतला व्यवहार बघायची रीत आपल्या भागाला नवी नाही. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, जाळले, मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांसाठी होता, आणि तुमचं तासगाव तेव्हा साताऱ्यातच होतं. रोख्यावर काय लिहिलंय तेवढ्यावर न थांबता पहिल्या रुपयापासूनचा हिशोब उकरायचं काम त्यानं कोर्टावर टाकलं.

आता खरेदीखत. आमच्याकडं याला खुशखरेदी म्हणतात. कुणाची खुशी, ते विचारू नये. सावकारीतून अशी जमीन गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था हे चौकशी करून दस्त रद्द ठरवू शकतात आणि जमीन परत द्यायचा आदेश करू शकतात. अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडेही देता येतो, पोच मात्र घ्या. सातबारा आजच काढून बघा. त्याच्या नावचा फेरफार धरला गेला असेल तर तलाठ्याकडे लगेच लेखी हरकत द्या, आणि रानातली वहिवाट सोडू नका.

चेकचं भय जास्त आहे, कारण तिथं घड्याळ चालतं. चेक परत गेला की त्याची नोटीस येईल. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. नोटीस घेतली नाही म्हणजे सुटलो, असं समजून माझ्याकडं आलेले कितीतरी पक्षकार पुढं वर्षानुवर्षं तारखा करत बसले. मुद्दलाची नवी चिठ्ठी किंवा ‘तडजोड’ म्हणून कुठल्याही स्टँपवर सही करू नका. एक सही झाली की तुमचे सव्वीस महिने पुसले जातात.

वहीच्या जोडीला बँकेचा उतारा काढा. दर महिन्याला त्याच सुमारास दहा हजार काढल्याची नोंद असेल तर वहीला बळ येतं. फोनवरून पैसे पाठवले असतील तर उत्तमच.

स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पण ताई, कर्ज मालकांच्या नावावर आहे, जमीनही बहुधा त्यांचीच. अर्जावर सही त्यांची लागणार. तेव्हा हा अंक त्यांच्यापुढं ठेवावा लागेल. त्याआधी वहीची एक झेरॉक्स माहेरी ठेवून या.