बाबांच्या खोलीवर ‘कॉन्टॅक्ट आयसोलेशन’ची, म्हणजे स्पर्शातून जंतू पसरू नये म्हणून वेगळं ठेवल्याची, पाटी लावली आहे. गाऊन, ग्लोव्ह्ज हे सगळं खरंच गरजेचं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, खुब्याच्या ऑपरेशननंतर काही दिवस आयसीयूत होते, लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, आता वेगळ्या खोलीत हलवलंय. आत जाताना गाऊन-ग्लोव्ह्ज घालायला लावतात, त्याचे पैसे बिलात लागतात, आणि परवा एक डॉक्टर मात्र तसेच आत येऊन गेले. घरी चार वर्षांची मुलगी आहे. आणि शेवटी, बाबा विचारतात, “मला वाळीत टाकलंय का?”

मी १६ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली शेवटची सात इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून. म्हणजे जिला कॉरिडॉरमध्ये पाहिलं की सगळा वॉर्ड एकदम हात धुवायला लागतो, ती मी.

आधी बाबांचं. वाळीत टाकलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही, त्याच्याकडे जात नाही. इथे जायला, बसायला, गप्पा मारायला, हात हातात घ्यायलासुद्धा कुणाची ना नाही. फक्त तोच हात न धुता पुढे दुसऱ्या कुणाला लागता कामा नये. ती पाटी मुख्यतः तुमच्यासाठी नाहीच. तुम्ही कधी पाहिलाही नसेल अशा, पलीकडे व्हेंटिलेटरवर असलेल्या किंवा केमो चालू असलेल्या माणसासाठी ती आहे. बाबांना हे असंच सांगून बघा. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं हे कारण चटकन समजून घेतात, नातेवाइकांपेक्षा लवकर.

आता फाइलमधला कल्चर रिपोर्ट काढा. खाली औषधांची यादी असते आणि प्रत्येकासमोर एस (औषध लागू पडतं), आय (अधलंमधलं) किंवा आर (लागू पडत नाही). मेरोपेनेम आणि इमिपेनेम या कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकसमोर आर असेल, तर पाटीचं कारण तेच. जंतू त्या औषधांना दाद देत नाही. क्लेबसिएला तसा परका नाही, पुष्कळ धडधाकट माणसांच्या आतड्यात तो मुकाट असतो. पण या औषधांना न जुमानणारा क्लेबसिएला ही वेगळी चीज आहे. २००८ साली स्वीडनमध्ये राहणारा, मूळचा भारतीय असलेला एक रुग्ण दिल्लीत उपचार घेऊन परत गेला आणि त्याच्या लघवीतून असाच जंतू निघाला, तुमच्या बाबांसारखाच लघवीतून. औषध मोडून टाकणारं जे एन्झाइम त्यात सापडलं, त्याला पुढच्या वर्षी ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजे एनडीएम-१, असं नाव दिलं गेलं. नावात दिल्ली आली म्हणून आपल्याकडे बराच संताप झाला. ते भांडण राहू द्या. आमच्या कामाची गोष्ट अशी की हा गुण जंतूच्या डीएनएच्या एका सुट्या कड्यावर, प्लाझ्मिडवर, असतो आणि एक जंतू ते कडं दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊन टाकू शकतो. क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडे, असं. मग डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखी मोजकी औषधं उरतात, आणि कोलिस्टिन किडनीला जड जातं. आधीच अर्धमेल्या झालेल्या रुग्णावर ही वेळ येऊ नये म्हणून दारावर पाटी.

हा जंतू असा हवेतून उडत येत नाही. तो हातावरून जातो आणि वस्तूंवरून जातो, आणि हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून एक घडलेलं सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात होते तिथे सहा खाटांच्या एका खोलीत दोन आठवड्यांत तिघांच्या लघवीत क्लेबसिएला निघाला. तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तर आर आणि एसची ओळ अगदी सारखी. तिघांनाही कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. आम्ही नळ तपासले, सिंक तपासलं, सिस्टर लोकांची उलटतपासणी घेतली, आणि हाती काही लागेना. शेवटी मी एका पहाटे सहाला जाऊन नुसती कोपऱ्यात उभी राहिले. रात्रपाळी संपताना यूरोबॅग, म्हणजे नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशव्या, रिकाम्या करायची ती वेळ. वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) आले, हातात हिरवा प्लास्टिकचा मोजमापाचा मग. पहिल्या बेडची बॅग त्यात रिकामी केली, आकडा कागदावर लिहिला, मग संडासात ओतला, नळाखाली एकदा विसळला, पुढचा बेड. बॅगेची तोटी दर वेळी मगाच्या काठाला टेकत होती. हातात ग्लोव्ह्ज होते, सहाही बेडला तेच. मामा मुळात टापटिपीचा माणूस. आपले हात घाण होऊ नयेत म्हणून त्यांनी ग्लोव्ह्ज घातले होते, आणि त्यांचे हात खरंच घाण झाले नाहीत.

त्याच दिवशी प्रत्येक कॅथेटरवाल्या बेडखाली स्वतःचा मग आला, वर मार्करने बेड नंबर. चौथा रुग्ण झाला नाही.

म्हणून मला विचाराल तर कॉन्टॅक्ट आयसोलेशनमध्ये गाऊनच्या आधी नंबर लागतो त्या खोलीच्या स्वतःच्या वस्तूंचा: मग, बीपीचा पट्टा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप, बेडपॅन. हे आत राहायला हवं, दुसऱ्या खोलीत फिरायला नको. तुम्हाला तपासायचं असेल तर एवढंच बघा. बीपीचा पट्टा भिंतीला टांगलेला आहे, की दर वेळी कुणीतरी बाहेरून काखेत मारून आणतं?

बेडभोवतीचा सगळा भाग रुग्णाच्या कातडीसारखाच समजायचा. कठडा, सलाइनचा स्टँड, कॉल बेल, पडदा, ते चाकाचं जेवणाचं टेबल. काही जंतू, ॲसिनेटोबॅक्टर तर नक्कीच, कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतात. नव्या मुलींना शिकवताना मी चकाकणारी पावडर डमीच्या यूरोबॅगला लावते आणि त्यांना नेहमीची कामं करायला सांगते. अर्ध्या तासाने दिवे घालवून जांभळा लाइट मारला की पावडर कुठे कुठे निघते ते बघून त्या स्वतःच हसायला लागतात: पेनावर, केसांच्या क्लिपवर, एकदा तर एकीच्या डब्याच्या झाकणावर. नातेवाइकांचं ठरलेलं ठिकाण म्हणजे मोबाइल. ग्लोव्ह्ज घालून आत बसायचं, आत्याला व्हिडिओ कॉल लावायचा, बाहेर येऊन ग्लोव्ह्ज टाकायचे आणि तोच फोन कानाला. आत जाताना फोन खिशातच राहू द्या. अगदीच बोलायचं असेल तर आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि निघताना पिशवी आतच टाका.

गाऊन घालणं सोपं आहे, चूक काढताना होते. घालताना आधी हाताला हँडरब (हाताला चोळायचं अल्कोहोलचं द्रावण), मग गाऊन, मागच्या नाड्या मानेशी आणि कमरेशी बांधायच्या (नुसता खांद्यावर टाकून पुढे लोंबता ठेवायचा नाही, तो मग टॉवेल होतो), मग ग्लोव्ह्ज बाहीच्या कडेवर चढवून. काढायचं सगळं दाराच्या आत, बाहेर येऊन नाही. पहिले ग्लोव्ह्ज. एका हाताने दुसऱ्या ग्लोव्हला तळव्याशी बाहेरून चिमटीत धरा, सोलून काढा, मुठीत ठेवा. आता उघडी झालेली दोन बोटं उरलेल्या ग्लोव्हच्या आतून मनगटाशी घाला आणि तो उलटा करत ओढा, पहिला त्याच्या पोटात जातो. मग गाऊनच्या नाड्या सोडा, खांद्यापासून पुढे ओढा, आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळी करा. ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, वापरून फेकायचा गाऊन पिवळ्या. आणि परत हात. ग्लोव्हला डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना बोटं बरबटतातच, म्हणून ग्लोव्ह्ज घातले होते हे हात न धुण्याचं कारण होत नाही. हँडरब २० ते ३० सेकंद चोळायचा, अंगठे आणि नखांच्या कडा धरून. हाताला काही दिसण्यासारखं लागलं असेल तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. रिपोर्टमध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल असं काही असतं तर मी हँडरबवर विसंबूच नका म्हटलं असतं, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते साबणाने धुऊन घालवावे लागतात. बाबांचा तो प्रकार नाही.

मास्कबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कोरोनानंतर लोक मास्क लावतात आणि बाकी सगळीकडे हात लावत फिरतात. इथे उलटं आहे. टीबी, गोवर, कांजिण्या यांना हवेची काळजी, त्यांच्या पाट्या वेगळ्या. बाबांच्या खोलीत हात सांभाळा.

डॉक्टरांचं काय? ते दारातून विचारपूस करून गेले असतील तर माझी तक्रार नाही. बेडला टेकले, पोट तपासलं, ड्रेसिंग उचलून बघितलं, तर चूक झाली. तुम्ही बोललात म्हणून बाबांना कुणी वाईट वागवणार नाही. फार तर राऊंडच्या वेळी हँडरबची बाटली पुढे करून “घ्या सर” म्हणा. मी स्वतः हेच करते. एचओडी (विभागप्रमुख) असले तरी आपोआप हात पुढे होतो.

आता तुम्ही आणि मुलगी. तुमचं वय, तब्येत ठीक, अंगावर जखम किंवा नळी नाही, तर हा जंतू तुम्हाला आजारी पाडायची शक्यता फार कमी. मुलीला सध्या रुग्णालयात आणू नका. बाबांमुळे नव्हे, एकूणच त्या जागेत लहान मुलाचं काम नाही म्हणून. घरी आल्यावर कपडे बदला, हात धुवा, बस्स. मीठ-पाणी ओवाळायची गरज नाही.

आणखी एक, रिपोर्टमध्ये जंतू निघाला म्हणजे आजार आहेच असं नाही. ताप नाही, जळजळ नाही, नुसता जंतू लघवीत बसलाय, असंही असतं, कॅथेटर असेल तर फारच. अशा वेळी डॉक्टर अँटिबायोटिक देत नसतील तर “काहीतरी सुरू करा ना” असा हट्ट धरू नका. अशा औषधाने हा पाहुणा जात नाही, उलट आजूबाजूचे साधे जंतू मरून त्याला ऐसपैस जागा होते. तो आतड्यात महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून डिस्चार्जनंतर हा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि पुढे कुठेही ॲडमिट करताना पहिल्याच दिवशी दाखवा. लपवू नका. लपवणारे पुष्कळ असतात. घरी मात्र गाऊन-बिऊन काही नको: त्यांचा टॉवेल वेगळा, कपडे नेहमीच्या साबणात धुऊन उन्हात, संडासाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात. नातीने मांडीवर बसायलाही हरकत नाही, फक्त नळी असेल तर तिला हात लावू द्यायचा नाही.

या पाटीची एक किंमत आहे आणि ती बिलात दिसत नाही. गाऊन घालायचा कंटाळा म्हणून माणसं आत कमी येतात. अमेरिकेतल्या २० आयसीयूंमध्ये आयसीयूतल्या सगळ्याच रुग्णांसाठी सरसकट गाऊन-ग्लोव्ह्ज लावून पाहिलेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. एमआरएसए आणि व्हीआरई हे दोन जंतू मिळून पाहिले तर लागणीत लक्षणीय फरक पडला नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. त्या दोन जंतूंसाठी गाऊन हवाच का, यावर तिकडे अजून वाद आहे. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी मात्र तो घालाच असं मी म्हणेन. पण फेऱ्या कमी होतात हे मी आपल्याकडेही रोज पाहते. खुब्याच्या रुग्णाला ते महागात पडतं. दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, कॉल बेल हाताला येते का, फिजिओथेरपिस्ट ‘आयसोलेशन आहे’ म्हणून परस्पर पुढे तर जात नाही ना, हे बघत राहा. चष्मा, कानाचं मशीन, कवळी आत असू द्या. वर्तमानपत्र रोज द्या, पण ते परत घरच्या रद्दीत आणू नका.

पैशांचं म्हणाल तर रोजचे किती गाऊन लावले हे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पैसे वाचवायला एकच गाऊन दारामागच्या खिळ्याला टांगून दिवसभर सगळ्यांनी घालायचा, हा प्रकार दिसला तर तोही विचारा. त्याच्या आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे संध्याकाळपर्यंत कुणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा दिवसातून दोनदाच, एकेकट्याने, नीट बसून भेटा. गाऊन आपोआप कमी लागतील.

आणि उद्याच्या राऊंडला गाऊनच्या आधी हे विचारा: “डॉक्टर, कॅथेटर आज काढता येईल का?” नाही म्हणाले तर परवा परत विचारा.