जुन्या तारखेची चिठ्ठी जोडू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. जागून अभ्यास व्हावा म्हणून त्याने रूममेटकडून मिथिलफेनिडेटच्या गोळ्या विकत घेतल्या. रूममेटला एडीएचडी (लक्ष एकाग्र न होण्याचा आजार) आहे, त्यावरच्या या गोळ्या त्याला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. अभ्यासिकेत मुलाच्या बॅगेत चार गोळ्या सापडल्या आणि पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली. आता ओळखीचे एक डॉक्टर मागच्या महिन्याच्या तारखेची चिठ्ठी द्यायला तयार आहेत. ती पोलिसांना द्यायच्या उत्तराला जोडावी का?

‘गांजा-दारू थोडीच आहे’ हे वाक्य अशा प्रत्येक पत्रात असतं. औषध एनडीपीएस कायदा, 1985 (अमली पदार्थविरोधी कायदा) च्या अनुसूचीत आहे, गुन्हा ठरायला एवढं पुरे.

सगळं अडतं ते चिठ्ठीच्या तारखेवर. हे औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या यादीतलं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला 2 वर्षं जपून ठेवावी लागते. तुमच्या चिठ्ठीवर कुठल्याच दुकानातून गोळ्या गेलेल्या नाहीत, मग तपास अधिकारी पहिला प्रश्न काय विचारेल? सापडलेल्या गोळ्या कायद्यातल्या ‘अल्प प्रमाणा’त बसल्या तर एनडीपीएसच्या कलम 22 खाली जास्तीत जास्त 1 वर्ष कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्यायालयात वापरायला खोटा पुरावा तयार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली 7 वर्षांपर्यंत. शिवाय त्यात तुम्ही आणि ते डॉक्टरही अडकाल.

चार गोळ्या अल्प प्रमाणात बसतील असं मला वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या हिरा सिंग खटल्यातल्या 2020 च्या निकालानंतर नुसत्या अमली घटकाचं नव्हे, तर मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात, म्हणून पंचनामा बघितल्याशिवाय खात्री देणार नाही. व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सवलत देणारं एनडीपीएसचं कलम 64अ तुमच्या मुलाला लागू होईलच असंही नाही.

नोटीस येऊन तीन आठवडे झाले आणि तुम्ही चिठ्ठी शोधत बसलात, याचा मला राग येतो. हजर न राहिल्यास अटकेची वाट मोकळी होते. उद्याच वकील गाठा. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, ते त्यांना कागद बघून ठरवू द्या. मुलाचं लक्ष खरंच लागत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, कागदावर त्याच दिवसाची तारीख पडू द्या. त्याने मागचं धुतलं जाणार नाही, पण पोराची तब्येत तरी कळेल.

ही परीक्षेतली लबाडी आहे का, असंही तुम्ही विचारलंत. कायदा त्यात पडत नाही. मला विचाराल तर आजारी मित्राच्या वाट्याच्या गोळ्या पैसे देऊन काढून घेणं त्याहून वाईट आहे. त्या महिन्यात तो पोरगा औषधाविना कसा राहिला, हे पत्रात कुठेच नाही. ‘त्याच्या घरी अजून कळवलेलं नाही’, एवढंच आहे. आजच कळवा. विकणारा म्हणून कलम 22 त्यालाही लागतं, त्यालाही वकील हवाच.