वाचकांचे प्रश्न : रोजच्या वापराचे चामडी बूट

प्रश्न : रोज बाइकने पीथमपूरला जातो, काम दिवसभर उभ्याने असतं. घोट्यापर्यंतचे चामडी बूट घ्यायचे आहेत. आठ नंबर आवळतो, नऊ नंबर टाचेला निसटतो. दुकानदार म्हणतो, ‘आठच घ्या, वापरून सैल होईल.’ — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आठ नंबर नेमका कुठे आवळतो ते आधी पाहा. चामडं वापराने रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. बोटांच्या टोकांना लागणारा बूट सहा महिन्यांनीही लागेल आणि नख काळं करील. चवड्याच्या दोन्ही बाजूंना नुसता घट्ट वाटत असेल, आत बोटं हलवता येत असतील, तर पंधरा-वीस दिवसांत जमून येतो. आठ आणि नऊ यांत लांबीचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा. काही कंपन्या अर्धा नंबरही काढतात, तो अवश्य मागा.

पाय घरीच मोजा, पण संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय फुगतो. सकाळी छान बसलेला बूट चार वाजता चावतो तो यामुळेच. कागद भिंतीला लावून त्यावर उभे राहा, टाच भिंतीला टेकवा, सगळं वजन त्या पायावर द्या आणि पेन्सिल सरळ धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. अंगठ्याशेजारचं बोट अनेकांचं अंगठ्यापेक्षा लांब असतं, त्यामुळे अंगठाच धरून मोजू नका. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. दुकानात बुटातला सुखतळा निघत असेल तर काढून त्यावर उभे राहा : पुढे 10 ते 12 मिलिमीटर जागा उरली पाहिजे आणि करंगळीची बाजू सुखतळ्याबाहेर जाता कामा नये. बाहेर जात असेल तर मोठा नंबर हा उपाय नाही, तिथे रुंद साचा लागतो. नंबर वाढवला की बूट चुकीच्या जागी वाकतो, चवड्यावर आडव्या घड्या पडतात आणि त्याच घड्यांवर चामडं फुटतं.

नऊ नंबरात टाच किती उचलली जाते तेही पाहा. नव्या, कडक तळाच्या बुटात चार-पाच मिलिमीटर उचलली तर चालेल, तळ वाकू लागला की ते थांबतं. बोट आत जाईल इतकी फट असेल तर तो नंबर सोडा.

नवे बूट पहिल्या दिवशी थेट पीथमपूरला नेऊ नका. आठवडाभर घरात रोज तासभर घाला, जाड सुती मोजे घालून. आणि बाइकच्या गिअरच्या दांडीवर रबरी टोपी आहे ना, पाहा. ती नसली की डाव्या बुटाच्या चवड्यावर पंधरवड्यात काळा चट्टा उमटतो, नंतर तिथला रंगच निघतो.

प्रश्न : यजमानांचे महागाचे बूट डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. चार वर्षांत मोजून पाच-सहा वेळा घातले असतील. परवा लग्नात घातले आणि मांडवातच सोलचा भुगा झाला. वरचं चामडं अगदी नवं आहे. बूट नकली होते का? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : चामडं चांगलं आहे म्हणता, तेव्हा नकलीचा संशय सोडा. दोष जपण्याच्या पद्धतीत आहे, आणि तो फार घरांतून होतो. सोल बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असणार. हलका आणि मऊ, म्हणून पायाला सुखाचा. पण हवेतल्या बाष्पाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात. बूट पायात असो की कपाटात, हे चालूच राहतं. बंद पिशवीत ओल कोंडून राहते, इंदूरचा पावसाळा आणि मागून ऑक्टोबरची ऊब मिळाली की ते वेगाने होतं. वरून काही दिसत नाही, पाय पडला की भुगा.

तो सोल आता चिकटवून उपयोग नाही. डिंक चांगला असला तरी ज्याला धरायचं तेच भुसभुशीत झालं आहे. जाणत्या मोच्याकडून जुना सोल पूर्ण खरवडून नवा रबरी सोल बसवून घ्या, आणि नुसता न चिकटवता कडेने शिवायला सांगा.

पुढच्या खरेदीत तळ आधी बघा. नखाने दाबल्यावर स्पंजासारखा दबणारा, हातात फार हलका लागणारा तळ पीयूचा समजा. काही बुटांत खाली रबर आणि मधल्या थरात पीयू असतो, तोही असाच जातो. टिकाऊपणा हवा तर रबरी तळ आणि वेल्टची शिलाई घ्या. यात चामड्याची एक पट्टी बुटाच्या कडेने वरच्या चामड्याला आणि आतल्या तळाला शिवतात आणि बाहेरचा सोल त्या पट्टीला शिवतात. म्हणून झिजलेला सोल उसवून नवा लावताना वरच्या चामड्याला हातही लागत नाही. मात्र पट्टीवर नुसती शोभेची शिलाई ओढलेले चिकटवलेले बूटही भरपूर मिळतात. बूट उलटा करा : खरी शिलाई सोलच्या खालच्या बाजूला, खाचेत दिसते. खाच बुजवलेली असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा. असे बूट महाग आणि सुरुवातीला जड वाटतात, तरी रोज घालणाऱ्याने पैसे इथेच घालावेत असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : ‘जेन्युइन लेदर’ लिहिलेलं असतं, तरी वर्षात पापुद्रे निघतात. — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पापुद्रे निघतात ते प्लास्टिकच्या लेपाचे. कातड्याचा वरचा, दाट तंतूंचा थर काढून घेतल्यावर खाली उरलेल्या थरावर लेप देऊन तोही ‘लेदर’ म्हणून विकता येतो. अनेक बुटांवर आतल्या बाजूला किंवा तळाला छोटी चिन्हं असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकारात चौकट उभी केल्यासारखा हिरा असेल तर लेप दिलेलं चामडं. नुसता हिरा म्हणजे इतर काही. चिन्ह नसेल तर चवडा अंगठ्याने दाबा. अस्सल चामड्यावर बारीक, विखुरलेल्या सुरकुत्या उठतात, जाड लेपावर एकच गुळगुळीत मोठी घडी पडते. वासावर मात्र जाऊ नका, तो फवारताही येतो.

प्रश्न : पावसात भिजलेले बूट हीटरजवळ वाळवले, ते कडक झाले. खोबरेल तेल लावू का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : तेल नको. ते कुठे कमी कुठे जास्त मुरतं, डाग पाडतं, धूळ धरतं; आणि 24 अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबरात शिवणीत पांढरं दिसेल. किंचित ओल्या फडक्याने बूट पुसून, नाड्या काढून, रंगहीन लेदर क्रीम बोटभर घेऊन चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा एकदा लावा. नुसता ताठरपणा असेल तर बराच निघेल. भेगा पडल्या असतील तर त्या बुजत नाहीत.

पुढच्या वेळी काळी माती आधी धुऊन काढा, कारण वाळली की ती शिवणीत रुतून दोरा कापते. मग सुखतळा काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. पहिल्या तासात ते बदला, नंतर दोन-तीनदा. सावलीत, पंख्याखाली, बूट आडवे ठेवून पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस दुसरी जोडी घाला.